जुन्या फियाटला कारखान्यातलाच रंग कसा मिळवून द्यावा

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० नव्याने उभी करताना इंजिनावर महिनोन्‌महिने जातात आणि रंगाचा निर्णय मात्र शेडकार्डावर बोट ठेवून पाच मिनिटांत होतो. "क्रीम ना? हा घ्या क्रीम." पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीचा क्रीम आणि आजच्या कार्डावरचा क्रीम शेजारी ठेवले, की फरक लगेच डोळ्यांत भरतो. शेड, चमक आणि पृष्ठभागाचा पोत, तिन्ही जुळले तरच रंग जुळला म्हणायचा. आणि या तिन्हींचा नमुना सहसा तुमच्याच गाडीवर कुठेतरी दडलेला असतो.

मूळ रंग शोधा

सुरुवात आरसी बुकापासून करा. रंगाची नोंद तिथे असते, पण 'क्रीम' किंवा 'ब्लू' एवढीच, म्हणजे फक्त दिशा कळते. गाडीचा रंग मधल्या काळात बदलला असेल तर आरटीओत तशी नोंद झाली आहे का, हेही आत्ताच पाहून घ्या. परदेशी गाड्यांवर बऱ्याचदा रंगाच्या कोडची पट्टी असते. ती मिळाली तर उत्तमच, तरी खात्री पत्र्यावरच करायची.

आता गाडी उघडा. दरवाजाच्या आतल्या पॅडमागे, डॅशबोर्डखाली, डिकीतल्या पुठ्ठ्यामागे, काचेच्या रबर बीडिंगखाली, टेललॅम्पच्या गॅस्केटखाली पाहा. रिपेंट करणाऱ्याचा हात आणि उन्हाचे किरण, दोन्ही सहसा न पोचलेल्या या जागा. गाडी पूर्वी टॅक्सी असेल तर टपाच्या कडेला रबराखाली पिवळा हमखास डोकावेल.

बाहेरच्या पत्र्यावर थर वाचायचे असतील तर मडगार्डवर रुपयाएवढी जागा निवडा. ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत गोल घासत जा, मग १५०० आणि २००० ने कडा उतरत्या करा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसू लागतील: सर्वांत बाहेर शेवटचं रिपेंट, मग आधीचं, कधी जाडजूड लांबी (खड्डे भरायची पुट्टी), आणि पत्र्यालगतच्या प्रायमरवर बसलेला पहिला रंग. लांबीच्या वर असलेला कुठलाही थर कारखान्याचा समजू नका. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. म्हणून कोरडं घासायचं नाही, मास्क लावायचा आणि गाळ पुसून वेगळा टाकायचा.

रंगाची जात ओळखा

कापसाच्या बोळ्यावर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनर घ्या आणि कोपऱ्यात दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. रंग विरघळून बोळ्यावर आला, पत्रा चिकट झाला, तर तो एन.सी., म्हणजे गॅरेजांमध्ये आजही 'ड्यूको' म्हणतात तो. ड्यूपाँटने १९२०च्या दशकात आणलेल्या रंगाचं हे नाव, ते असं चिकटलं की कुठल्याही कंपनीचा एन.सी. आपल्याकडे ड्यूकोच. रंग फुगला किंवा सुरकुतला तर बहुधा सिंथेटिक, म्हणजे तेलावर आधारलेला इनॅमल. काहीच फरक पडला नाही तर भट्टीत भाजलेला इनॅमल किंवा अलीकडचा हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन). ओव्हन नसलेल्या गॅरेजांना हवेवर झटपट वाळणारा एन.सी. सोयीचा होता, म्हणून बाहेरचे थर एन.सी.चे आणि सर्वांत खालचा वेगळा, असं अनेकदा निघतं.

दुसरी चाचणी कंपाउंडची, म्हणजे रंग घासून चमकवायच्या लेपाची. तो पांढऱ्या फडक्याने घासल्यावर फडक्यावर रंग उतरला तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर नाही. त्या काळच्या साध्या, मेटॅलिक नसलेल्या रंगावर तो नसायचाच.

नमुना आधी शुद्ध करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढे आठवडे वाया घालवतात. उन्हातला रंग खडूसारखा पांढुरका होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. उलटी गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे: तेलावर आधारलेला इनॅमल अंधारात पिवळा पडतो. म्हणजे दरवाजाच्या पॅडमागे वर्षानुवर्षं झाकलेला पांढरा किंवा क्रीम, मूळ होता त्यापेक्षा जास्त पिवळा दिसू शकतो. तसाच जुळवलात तर अख्खी गाडी लोण्याच्या रंगाची होईल. सुटा होणारा भाग असेल तर काही दिवस उन्हात ठेवा. हा पिवळेपणा बराचसा उतरतो. मग बारीक कंपाउंडने हलकं पॉलिश करा, पुसा, आणि त्यानंतरच त्याला नमुना म्हणा. निळ्या-हिरव्या रंगांत ही अडचण तितकी जाणवत नाही.

शेड बनवून घ्या

नमुना रंगाच्या दुकानात न्या. स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजणारं मशीन) असेल तर तीन वेगवेगळ्या जागी रीडिंग घ्यायला सांगा. मशीन जवळपास नेऊन सोडतं, शेवटचं अंतर डोळ्यानेच कापावं लागतं. लिटरभर रंग लगेच बनवू नका, आधी लहान डबीत.

क्रीमचंच उदाहरण घ्या. मूळ पांढऱ्यात पिवळा ऑक्साइड आणि किंचित काळा. आधी फिकट-गडद जुळवायचं, मग रंगाची झाक. काळा थेंबाने टाकायचा, कारण पिवळ्यात काळा गेला की मिश्रण हिरवट होतं. तसं झालं तर आणखी पिवळा ओतत बसू नका. काडीच्या टोकावर येईल एवढा रेड ऑक्साइड हिरवटपणा मारतो. प्रत्येक वेळी काय टाकलं ते ग्रॅममध्ये लिहा. "अंदाजे थोडा" हे शब्द टिंटिंग करणाऱ्याच्या तोंडी आले तर दुकान बदला.

डबीतला ओला रंग पाहून होकार कधीच देऊ नका. वाळल्यावर तो बदलतो. पत्र्याच्या तुकड्यावर, गाडीवर असेल तोच प्रायमर मारून, तेवढेच कोट स्प्रे गनने द्या, पूर्ण वाळू द्या आणि मूळ नमुन्याला कडेला कड लावून ठेवा. मध्ये फट राहिली तर डोळा फसतो. आधी सकाळच्या सावलीत पाहा, मग उन्हात, मग ट्यूबलाइटखाली. समोरून आणि तिरकस. दिवसाच्या उजेडात जुळणारा रंग ट्यूबखाली वेगळा दिसला तर जुन्या-नव्या पिगमेंटमधला (रंगद्रव्यातला) फरक बोलतोय. शिशाच्या जुन्या पिवळ्या-लालाऐवजी नव्यात दुसरे पिगमेंट असले की असं होतं. दोन्ही उजेडांत एकदम जुळत नसेल तर दिवसाच्या उजेडाला कौल द्या.

मारताना

नवा पीयू जुन्या एन.सी.वर थेट मारला तर खालचा रंग उचलला जाऊन सुरकुत्या पडतात. शक्यतो पत्र्यापर्यंत उतरवा. एन.सी.च मारायचा असेल तर मुंबईच्या पावसाळ्यात नको. दमट हवेत त्यावर पांढरं धुकं बसतं. रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरने ते कमी होतं, पण थांबणं बरं. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा मास्क पुरत नाही. हवेचा पुरवठा असलेला मास्क आणि बूथ नसेल तर हे काम घरी करू नका.

पीयू वापरूनही जुना भास मिळवता येतो: क्लिअर कोटशिवाय, थेट चमक देणारा एकाच थराचा रंग निवडा. काचेसारखी सपाट, ओलसर चमक या गाड्यांना शोभत नाही. दरवाजाच्या चौकटीत मूळ रंग उरला असेल तर आरसा धरल्यासारखा वाकून पाहा, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा दिसेल. तो थोडा राहू द्या. बॉनेटची आतली बाजू आणि डिकीचा तळ पॉलिश करायचा मोह आवरा. कारखान्यात तिथे कुणी कंपाउंड फिरवला नव्हता.

गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल आणि २०२१च्या नियमांखाली 'व्हीए' मालिकेतली व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल, तर काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो जपून ठेवा. तिथे गाडी मूळ स्वरूपात असणं अपेक्षित आहे.

डॅशबोर्डखालचा हातभर मूळ रंग मात्र झाकू नका, कागदी टेप लावून तसाच सोडा. उरलेला रंग काठोकाठ भरलेल्या लहान डब्यात बंद करा आणि ग्रॅममधला फॉर्म्युला, प्रायमर व थिनरचं नाव झाकणावर नव्हे, डब्याच्या अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात.