मूळ आणि संयुक्त संख्या ओळखताना या चुका टाळा

नागपुरात शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेताना मी दरवर्षी फळ्यावर ९१ लिहितो आणि वर्गातली बहुतेक मुले ती मूळ संख्या असल्याचे सांगतात. यंदा एका मुलीची वही मी मुद्दाम नीट पाहिली. शेवटचा अंक सम नाही, अंकांची बेरीज १० येते, एककस्थानी ० किंवा ५ नाही, अशा २, ३ आणि ५ च्या तिन्ही कसोट्या तिने अचूक लावल्या होत्या. फक्त ती एक पायरी आधी थांबली होती. ७ ने भागले असते, तर भागाकार १३ आला असता. सातचा पाढा मुले सत्तरपर्यंतच म्हणतात, त्यामुळे ९१ त्या पाढ्यात त्यांच्या कानावर पडतच नाही. तेराच्या पाढ्यात मात्र ते सातव्या पायरीवर येते. ५१ आणि ५७ याच कारणाने फसवतात, कारण त्या तीनच्या पाढ्यात सापडत नाहीत, सतरा आणि एकोणीसच्या पाढ्यांत सापडतात.

मग थांबायचे कुठे? ज्या मूळ संख्येचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा मोठा होतो, तिथे. ९७ तपासताना २, ३, ५ आणि ७ पुरेत, कारण ११ चा वर्ग १२१ आहे आणि दोन्ही अवयव ११ किंवा त्याहून मोठे असते, तर गुणाकार १२१ पेक्षा कमी आला नसता. १४३ साठी मात्र ११ नेही भागून पाहावे लागते, आणि १३ मिळतो. हे कारण मुलांना समजावून सांगावेच. नुसता नियम पाठ करून घेतला, तर तो महिनाभरात विसरला जातो.

दुसरी चूक १ ची. ‘१ ने आणि स्वतःने भाग जातो ती मूळ संख्या’ अशी व्याख्या पाठ असली, की १ सुद्धा मूळ वाटतो. त्याऐवजी ‘जिला नेमके दोनच विभाजक असतात ती’ असे म्हणावे. १ ला एकच विभाजक आहे, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही (दोनहून अधिक विभाजक असलेला) नाही. घरी संत्री मांडून पाहावीत: १२ संत्र्यांच्या चार-चारच्या तीन सारख्या ओळी होतात, १३ संत्री मात्र एकाच ओळीत ठेवावी लागतात किंवा एकाखाली एक.

विषम म्हणजे मूळ, हा समजही तितकाच पक्का असतो. नागपूरच्या गाड्यांवर एमएच ३१ आणि एमएच ४९ या दोन्ही पाट्या दिसतात आणि दोन्ही आकडे विषम आहेत. तरी ३१ मूळ आहे, तर ४९ चे १, ७ आणि ४९ असे तीन विभाजक असल्याने ती संयुक्त आहे. उलट २ सम असूनही मूळ आहे, आणि सम संख्यांमध्ये तशी ती एकटीच.

सहमूळ हा शब्द मूळ संख्यांशी जोडू नये. ८ आणि ९ दोन्ही संयुक्त आहेत, पण १ शिवाय त्यांचा सामाईक विभाजक नाही, म्हणून त्या सहमूळ ठरतात.