शिकागोला वर्षभरासाठी जाताय? आधी घर बघा, मग जॅकेट

दरवर्षी मे-जून आला की कुणाच्या तरी भाचीचा नाहीतर मैत्रिणीच्या मुलाचा फोन येतो, ताई शिकागोला ॲडमिशन मिळाली, किंवा कंपनी वर्षभरासाठी पाठवतेय, जॅकेट इथून घेऊ की तिकडे जाऊन? आणि दरवेळी मी आधी हेच विचारते की घर कुठलं घेतलंयस, कितव्या मजल्यावर, हीटिंग भाड्यात धरलंय का, एसी आहे का. समोरच्याला वाटतं ही विषय बदलतेय. पण मी तिकडे ऑगस्ट ते ऑगस्ट असं पूर्ण एक चक्र काढलंय आणि माझं ठाम मत आहे की शिकागोचं वर्ष सुखाचं जाणार की हालाचं हे जॅकेटवर नाही, घरावर आणि पायातल्या बुटांवर ठरतं.

मी नागपूरची. आमच्याकडे मे महिन्यात ४५ म्हणजे रोजचंच, त्यामुळे शिकागोच्या उन्हाळ्याची तयारी मी शून्य केली होती, सगळं लक्ष थंडीवर. ऑगस्टच्या मध्यात उतरले तेव्हा बाहेर ३३ डिग्री होतं आणि दोन तासांत जीव घाबरा झाला. कारण नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो, कूलर लावला की खोली गार, माठ गार, ओला टॉवेल मानेवर टाकला की बरं वाटतं. शिकागोचा उन्हाळा दमट, दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरून ओली हवा वर येते, त्यात आजूबाजूला मैलोन्मैल मक्याची शेतं, ती पण हवेत पाणी सोडतात, घाम वाळतच नाही आणि रात्रीसुद्धा उतार पडत नाही. कूलरचा काहीही उपयोग नाही तिथे. आणि हिवाळा बरोबर उलटा, घरातली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. म्हणजे उन्हाळा ओला आणि हिवाळा कोरडाठाक, हे एकदा डोक्यात बसलं की काय घ्यायचं काय नाही हे आपोआप कळायला लागतं.

उन्हाळ्याला हलकं घेऊ नका हे मी इतकं सांगते त्याचं कारण जुलै १९९५. तेव्हा शिकागोत उष्णतेची लाट आली होती, १३ जुलैला मिडवे विमानतळावर १०६ फॅरेनहाइट म्हणजे ४१ डिग्री झालं होतं, आणि त्या लाटेत ७०० च्या वर माणसं गेली. ४१ म्हणजे विदर्भात एप्रिलचा साधा दिवस. पण तिथे विटांची घरं दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडत होती, वरच्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं, एसी नाही किंवा बिलाच्या धास्तीनं बंद, चोरीच्या भीतीनं खिडक्या पण बंद. आकडा बघून ऊन ठरवू नका, घर बघा.

तर घर. शिकागोत जुनी विटांची दोन-तीन मजली घरं खूप आहेत, प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब, वर सपाट गच्ची. सगळ्यात वरचा मजला बहुतेक वेळा थोडा स्वस्त मिळतो, उजेड पण छान असतो, फोटोत तर फारच छान दिसतो. मी तोच घेतला होता, व्हिडिओ कॉलवर बघून. घरमालकानं सेंट्रल एसी आहे असं सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात निघाला एक जुना पंखा, पत्र लिहून भांडून काही झालं नाही, शेवटी आम्ही दोघी रूममेट पहिले बारा दिवस जमिनीवर ओली चादर पसरून झोपलो. गच्चीखालची खोली म्हणजे काय हे आपल्याकडे लहान मुलाला पण माहीत असतं, मग तिकडे जाताना आपण ते का विसरतो कोण जाणे. म्हणून व्हिडिओ कॉलवर चार गोष्टी स्वतः डोळ्यांनी बघा. एसीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवायचं यंत्र, दाखवायला सांगा. नसेल तर खिडकीत बसवायचा एसी लावू देणार का ते लेखी घ्या, आणि खिडकीची रुंदी विचारून ठेवा, कारण तिकडे खिडक्या खालून वर सरकणाऱ्या असतात आणि एसी त्या मापाचा लागतो. हीटिंगचा खर्च भाड्यात आहे की वेगळा हे विचारा, वेगळा असेल तर मागच्या जानेवारीचं गॅसचं बिल मागा, चांगला घरमालक देतो. आणि खिडक्या एकपदरी काचेच्या आहेत की दुपदरी ते बघा.

एक गोष्ट कायद्यानं तुमच्या बाजूची आहे, ती माहीत असू द्या. हीटिंग घरमालकाच्या हातात असेल तर शिकागोत १५ सप्टेंबर ते १ जून या काळात घर दिवसा किमान ६८ फॅरेनहाइट म्हणजे २० डिग्री आणि रात्री ६६ फॅरेनहाइट ठेवणं त्याला बंधनकारक आहे. नाही ठेवलं तर ३११ ला फोन करायचा, हा शहराचा नंबर, कडक उन्हात किंवा थंडीत जवळचं सरकारी गार किंवा उबदार ठिकाण कुठे आहे ते पण इथेच सांगतात. जिवावरचं असेल तर ९११.

नोव्हेंबर लागायच्या आत घरात एक काम करा. एक उदबत्ती लावायची आणि खिडकीच्या चारही कडांनी सावकाश फिरवायची. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, जिथे आत वाकतो तिथून वारा येतोय. माझ्या पलंगाच्या बाजूच्या खिडकीत खालच्या डाव्या कोपऱ्यात धूर आडवा व्हायचा, अगदी कुणी फुंकर मारल्यासारखा. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीवर लावायची पारदर्शक प्लास्टिक फिल्म मिळते, चौकटीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ती बसवायची आणि हेअर ड्रायरची गरम हवा दिली की ताणून काचेसारखी होते. थोड्या डॉलरांचं काम, पण त्या रात्रीपासून मला कानटोपी न घालता झोप लागायला लागली.

घर गरम होत नाही म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवायची नाही, कधीच नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म घरात असलाच पाहिजे, पहिल्याच दिवशी बटण दाबून वाजतो का बघा. आणि डिसेंबरच्या सुट्टीत कुठे फिरायला गेलात तर हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका, पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात, घरातलं तापमान १३ डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नका.

आता कपडे. जड जॅकेट इथून नेऊ नका. एक तर २३ किलोच्या बॅगेतली अर्धी जागा ते खातं, आणि आपल्याकडे मनाली-काश्मीरच्या हिशोबानं मिळणारं जॅकेट शिकागोच्या वाऱ्याला पुरत नाही. जानेवारीत साधारण दिवसा शून्याच्या आसपास आणि रात्री उणे सात-आठ असतं, ते सहन होतं हो, पण मधेच लाट येते तेव्हा वेगळंच प्रकरण असतं, ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर पारा उणे ३० पर्यंत गेला होता. आणि वारा धरला की उणे १० चं उणे २० होतं, ताशी ३० किलोमीटरचा वारा पुरे होतो त्याला. म्हणून हवामान बघताना नुसतं तापमान बघायचं नाही, विंडचिल, म्हणजे वाऱ्यासकट अंगाला जाणवणारं तापमान, बघायचं. विंडचिल उणे २८ च्या खाली असेल तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते, बोटं आणि कानाच्या पाळ्या आधी.

इथून न्यायचं ते असं. थर्मल तीन जोड, आपल्याकडे चांगली आणि स्वस्त मिळतात. सुती कपडे भरपूर, कारण पोचाल तेव्हा उन्हाळा असेल आणि शेवटचे दोन-तीन महिने पण उन्हाळाच. आईनं किंवा आजीनं विणलेला स्वेटर असेल तर तो नक्की न्या, फक्त एवढं लक्षात ठेवा की लोकरीतून वारा आरपार जातो, त्याच्यावर वारा अडवणारं काहीतरी लागतंच. बाकी तिकडे ऑक्टोबरमध्ये घ्या, पहिला बर्फ पडायची वाट बघू नका, तोपर्यंत आपल्या मापाचं संपलेलं असतं. जुन्या कपड्यांच्या दुकानात उत्तम पार्का, म्हणजे लांब जाड जॅकेटं, मिळतात, लाजायचं कारण नाही, तिकडे सगळेच घेतात. पार्का मांडीपर्यंत यायला हवा, टोपी जोडलेली हवी, आणि दुकानात घालून बघताना आत एक स्वेटर घालून बघा. बूट मात्र नवे घ्या आणि पैसे त्यातच घाला, आत पाणी न जाणारे, खाली खोल खाचांचा रबरी तळ असलेले, अर्धा नंबर मोठे, कारण आत जाड लोकरी मोजे येतात आणि घट्ट बुटात पाय जास्त गारठतात. सुती मोजे हिवाळ्यात नकोतच, एकदा ओले झाले की दिवसभर बर्फात पाय ठेवल्यासारखं. हातमोजे पाच बोटांचे वेगळे नको, सगळी बोटं एकत्र राहणारे घ्या, बोटांना एकमेकांची ऊब मिळते.

आणि आत काय घालायचं? तर कमी. वर्गात, ऑफिसात, ट्रेनमध्ये हीटिंग इतकं असतं की जाड कपड्यात घाम येतो, तो घाम घेऊन बाहेर पडलात की मग खरी हुडहुडी. काढता-घालता येतील असे थर हवेत. चालताना, विशेषतः रात्री, पाणी गोठून झालेला पारदर्शक बर्फ (ब्लॅक आइस) दिसत नाही, तेव्हा छोटी पावलं टाकत, पाय सपाट ठेवत, हात खिशाबाहेर ठेवून चाला. बस किती मिनिटांत येणार ते फोनवर बघून मगच घराबाहेर पडा, आणि फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाझप उतरते. एलच्या, म्हणजे तिथल्या उंचावरून जाणाऱ्या ट्रेनच्या, स्टेशनांवर डोक्यावर हीटरचे दिवे असतात, बटण दाबलं की लागतात, कबुतरं पण त्याच्याखाली येऊन बसतात. डाउनटाउनमध्ये पेडवे म्हणून जमिनीखालचे रस्ते आहेत, ते पहिल्या महिन्यातच फिरून पाठ करून ठेवा.

घरातला कोरडेपणा वेगळा. खोबरेल तेल बाटलीत दगडासारखं बसतं, सकाळी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी करून ठेवायची. आंघोळीनंतर अंग पूर्ण पुसायच्या आत, ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा, नंतर लावून तितका उपयोग होत नाही. नाकाच्या आत साजूक तुपाचं बोट फिरवायची आजीची पद्धत मी तिकडे जाऊन पहिल्यांदा मनापासून पाळली, रात्री झोपताना, आणि रक्त यायचं थांबलं. धुतलेले कपडे सगळेच ड्रायरमध्ये घालू नका, काही खोलीत दोरीवर वाळत टाका, लवकर वाळतात आणि हवेला थोडा ओलावा मिळतो.

थंडीपेक्षा मला अंधार जास्त जड गेला, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितेय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि डिसेंबरमध्ये सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. दुपारचा चहा ठेवेपर्यंत बाहेर दिवे लागलेले. दोन आठवड्यांत रडू यायला लागलं, कारण काही नाही. तेव्हा दुपारी बारा-एकला रोज वीस मिनिटं बाहेर जायचंच, कितीही गार असलं तरी, आणि डी व्हिटॅमिनची तपासणी जायच्या आधी इथेच करून घ्या. आणि गारफिल्ड पार्क कन्झर्व्हेटरीला जा, झाडांसाठीचं काचेचं भलं मोठं घर आहे, शिकागोत राहणाऱ्यांना प्रवेशाला पैसे नाहीत. जानेवारीच्या एका शनिवारी मी गेले, दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरली, काहीच दिसेना, फक्त वास आला, पहिला पाऊस पडून गेल्यावर आमच्या अंगणात येतो तसा ओल्या मातीचा. चष्मा पुसला तर समोर ताडाची झाडं. तीन तास बाकावर बसून होते. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम पण चुकवू नका, ओळख नसली तरी जा, गणपती आणि दिवाळी कडक थंडीच्या आधीच येतात, तेव्हा जोडलेली माणसं जानेवारीत कामी येतात.

बाकीचं भराभर सांगते. दात आणि डोळे इथे दाखवून जा, चष्म्याचा जादा जोड न्या. विद्यार्थी असाल तर एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस आणि टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) या लसींचा कागद बरोबर हवा. औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ताजा कढीपत्ता नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात, आणि दुबई-अबुधाबीमार्गे जाणार असाल तर बॅगेत खसखस अजिबात नको, तिकडे तिच्यावर बंदी आहे. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ न्या, बाकी डाळ-तांदूळ सगळं डेव्हन ॲव्हेन्यू या देशी दुकानांच्या रस्त्यावर मिळतं. मिक्सर नेऊ नका, तिथली वीज १२० व्होल्टची. कुकर न्या, सपाट बुडाचा. भारतातला सिम चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. ऑक्टोबरमध्ये फ्लूची लस घ्या.

परत निघायच्या महिन्यात बूट आणि पार्का बॅगेत कोंबू नका, इथे कपाटात पडून राहतील. पार्का धुऊन, खिशात हातमोजे ठेवून, नव्यानं येणाऱ्या कुठल्या तरी मुलीला द्या. ती ऑगस्टच्या घामात उभी राहून नको म्हणेल. तरी तिच्या हातात द्या आणि उदबत्तीचं सांगायला विसरू नका.