पाठीला पावडर कशासाठी?

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षी मेडिकल वॉर्डात रोज सकाळी बॅक केअर माझ्याकडे असे. स्पिरिट लावायचं, हाडांच्या उंचवट्यांवर गोल गोल चोळायचं, वरून पावडर. लकवा झालेल्या एका आजोबांच्या माकडहाडापाशी जागा लाल दिसली, म्हणून मी तिथे जास्तच चोळलं. तिसऱ्या दिवशी कातडी सुटली. त्यांची मुलगी मला एका शब्दानेही बोलली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

इन्चार्ज सिस्टरना विचारलं, "सिस्टर, आपण चोळतो कशासाठी?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला असंच शिकवलं गं. तू लायब्ररीत बघ आणि मलाही सांग." असं म्हणणारी सीनियर मिळाली हे माझं भाग्य.

वाचता वाचता डोरीन नॉर्टन भेटल्या. या इंग्लंडमधल्या नर्स. दवाखान्यातल्या वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेवर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमा, टाळायला कातडीला काय लावता यापेक्षा तिच्यावरचा दाब किती वेळा हलवता हे महत्त्वाचं, असं त्यातून पुढे आलं. दाबाखाली बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि पेशींना रक्त मिळत नाही. लाल झालेली जागा आधीच दुखावलेली असू शकते, म्हणून ती चोळू नये असं आता सांगतात. नॉर्टन यांच्या नावाची गुणपट्टीही आहे: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंथरुणात कूस बदलता येणं आणि लघवी-शौचावरचा ताबा. 20 पैकी 14 किंवा कमी गुण आले की बेडसोरचा धोका. हा अभ्यास एका नर्सने सहकाऱ्यांबरोबर वॉर्डातच प्रश्न विचारून केला, डॉक्टरांच्या पुस्तकातून उतरवून घेतला नाही. हे कळलं तेव्हा मला माझ्या गणवेशाचा फार अभिमान वाटला.

पण आजोबांची गोष्ट तिथे संपत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची हे ठरलं, तर आजोबा उजव्या कुशीवर जायला तयार होईनात. बोलता येत नसल्याने नुसते हात झटकायचे. मी नियम पाळायला निघाले होते, पण इन्चार्ज सिस्टरनी त्यांच्या खांद्याखाली हात घातला, चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खांदा दुखतोय त्यांचा." पूर्ण कुशीवर न नेता पाठीमागे उशी देऊन त्यांना थोडंच तिरकं केलं. आजोबा शांत झाले.

पुढे नर्सिंगच्या अभ्यासक बार्बरा कार्पर यांची 1978 ची मांडणी शिकायला आली. नर्सिंगमधलं ज्ञान चार तऱ्हांचं: शास्त्राचं, कलेचं, स्वतःला आणि समोरच्याला माणूस म्हणून ओळखण्याचं आणि नीतीचं. वर्गात मुली ती पाठ करत होत्या, माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो पलंग होता. गुणपट्टी हे शास्त्र. उशीचा तो कोन ही कला. मुलीसमोर माझ्या मनात दाटलेली अपराधी भावना ओळखणं हे तिसरं. आणि बोलू न शकणाऱ्या माणसाचा नकार मानायचा की मोडायचा, हा नीतीचा प्रश्न. परीक्षेत शास्त्रालाच जास्त गुण असतात, म्हणून बाकीची तीन हलकी समजू नका.

नव्याने येणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. अनुभवी सिस्टरला "तुम्हाला कसं कळलं?" असं विचारा. बऱ्याचदा त्या "असंच" म्हणतील. सोडू नका. "आधी काय बघितलंत? हात कुठे लावलात?" असं विचारत राहा आणि वहीत लिहा. नाहीतर ते ज्ञान त्यांच्या निवृत्तीबरोबर वॉर्डातून निघून जातं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्यावर, सगळ्यांचे श्वास 20 लिहिलेले मी पाहिले आहेत. खोटा आकडा लिहिला तर पुढच्या पाळीचे डोळेच बंद होतात.

आजोबांच्या उशाशी आम्ही एक पुठ्ठा लावला होता: आठला डावीकडे, दहाला पाठीवर, बाराला उजवीकडे थोडंसं, खांदा सांभाळून. शेवटचे दोन शब्द इन्चार्ज सिस्टरनी स्वतःच्या हाताने लिहिले होते.