परतीच्या पावसानंतर गुलाबाची छाटणी आणि रोग-किडींचे नियंत्रण

परतीचा पाऊस ओसरला की बहुतेक बागांत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत गुलाबाची एकच अवस्था दिसते. खालची पाने पिवळी पडून गळालेली असतात, खोड उघडे पडलेले असते आणि शेंड्याला तेवढी चार पाने शिल्लक असतात. अशा वेळी अनेक जण थेट दुकानातून एखादे जालीम औषध आणून फवारतात. मात्र पावसाळ्यातला रोग वेगळा आणि थंडीतला वेगळा. पहिल्याला जे हवामान मानवते ते दुसऱ्याला मानवत नाही. म्हणून औषध निवडण्याआधी पान उलटून-पालटून पाहावे आणि हवामान कोणत्या दिशेने चालले आहे याचा विचार करावा.

पावसाळ्यात पाने गळतात ती प्रामुख्याने काळ्या ठिपक्यांच्या रोगामुळे. पानाच्या वरच्या बाजूस गोलसर काळे डाग पडतात, त्यांच्या कडा झालरीसारख्या विस्कटलेल्या असतात आणि भोवतालचा भाग पिवळा होतो. पान सलग सात-आठ तास ओले राहिले तर या बुरशीचे बीजाणू रुजतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून ते वरच्या पानांवर पोहोचतात. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचे नेमके उलट असते. तिच्या बीजाणूंना पानावर साचलेले पाणी नको असते, तर कोरडे दिवस आणि दमट, गार रात्री हव्या असतात. त्यामुळे नोव्हेंबरपासून काळे ठिपके मागे पडू लागतात आणि कोवळ्या पानांवर, कळ्यांच्या देठांवर पिठासारखी पांढरी भुरी चढू लागते. कोकणात आणि घाटमाथ्यावर हवेतला ओलावा जास्त दिवस टिकत असल्याने हा बदल उशिरा होतो.

या संक्रमणाच्या काळातले सर्वांत मोलाचे काम म्हणजे ऑक्टोबरमधली छाटणी होय, आणि माझ्या मते पुढच्या हंगामातल्या निम्म्या फवारण्या याच एका कामावर वाचतात. पाऊस थांबल्याची खात्री झाल्यावर, ढगाळ दिवस टाळून छाटणी करावी. हायब्रीड टी प्रकारातील (लांब देठावर एकेक मोठे फूल येणाऱ्या) निरोगी झाडाच्या जोमदार फांद्या जमिनीपासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीवर, बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरकस काप देऊन कापाव्यात. आतल्या बाजूस वाढणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढाव्यात, म्हणजे झाडाच्या मध्यभागी ऊन आणि वारा पोहोचतो. कलमाच्या जोडाखालून आलेला खुंटाचा (ज्या झाडावर कलम बांधले त्याचा) फुटवा दिसताच काढून टाकावा. कात्री धारदार असावी आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना तिची पाती स्पिरिटने पुसावीत. छाटलेल्या काड्या आणि बुंध्याशी पडलेली पाने वेचून बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत, कारण काळ्या ठिपक्यांची बुरशी गळालेल्या पानांवर तग धरून राहते. ही पाने आळ्यात आच्छादन म्हणून किंवा घरच्या खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.

छाटणी करताना शेंडेमर तपासणे सर्वांत महत्त्वाचे आहे. या रोगात कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत येते आणि दुर्लक्ष झाल्यास वाळण कलमाच्या जोडापर्यंत उतरून झाड जाते. फांदी कापल्यावर कापाकडे नीट पाहावे. आतला गाभा पांढरा असेल तर फांदी निरोगी समजावी. मध्यभागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी दोन-तीन सेंटिमीटर खाली कापावे आणि पांढरा गाभा लागेपर्यंत थांबू नये. सर्व कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. घरगुती प्रमाणात ती करण्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळा कालवून, चुना निवाल्यावर दोन्ही एकत्र ढवळावे. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला आहे असे समजून तो थोडा वाढवावा. पेस्ट शिळी करून वापरू नये.

जुन्या खोडावर खडबडीत, तांबूस किंवा राखाडी खवले चिकटलेले दिसल्यास ती खवले कीड होय. तिच्या कवचावर फवारणीचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून मऊ ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून ती घासून काढावी आणि जास्त कीड लागलेली फांदी छाटून टाकावी.

नवी फूट दिसू लागल्यावर युरियाचा भडिमार करू नये. जास्त नत्राने आलेली लुसलुशीत फूट मावा आणि भुरी या दोघांनाही आवडते. ढगाळ हवा किंवा अवेळी पाऊस असेल तर काळ्या ठिपक्यांसाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर पाणी या प्रमाणात दहा-बारा दिवसांच्या अंतराने फवारावे. हवा कोरडी होऊन भुरीचा पहिला पांढुरका डाग दिसताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात वापरावे. तापमान ३२ अंशांच्या वर असताना किंवा तेलयुक्त फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक फवारल्यास पाने करपतात, हे विसरू नये. भुरी आटोक्यात न आल्यास ट्रायाझोल गटातील बुरशीनाशक लेबलवरील प्रमाणात घ्यावे, पण त्याच गटाचे औषध लागोपाठ वापरू नये. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्यावे. संध्याकाळी झारीने पाने भिजवणे टाळावे.

मावा कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर गर्दी करतो, चिकट द्रव सोडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. शेंड्यावर मावा खाणारे ढालकिडे किंवा त्यांच्या अळ्या दिसत असतील तर आठवडाभर वाट पाहणे हिताचे ठरते. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी प्रति लिटर ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळून घ्यावी, थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि उन्हाने अर्काची शक्ती घटत असल्यामुळे फवारणी संध्याकाळी करावी. फुलकिड्यांमुळे कळ्या वाकड्या होतात आणि पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात. अशी फुले तोडून नष्ट करावीत आणि निळे चिकट सापळे लावावेत.

फेब्रुवारीपासून, विदर्भ-मराठवाड्यात त्याही आधी, लाल कोळी वाढतो. पाने फिकट, धुळकट दिसू लागली की पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. कागदावर हलणारे बारीक ठिपके दिसले तर कोळी आहे. तो कीटक नसल्यामुळे साधी कीटकनाशके त्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून तो अधिक फोफावतो. पानांची खालची बाजू सकाळी पाण्याने धुवावी आणि गरज पडल्यास केवळ कोळीनाशकच वापरावे.

पानांच्या कडांना यंत्राने कापल्यासारखे स्वच्छ अर्धगोल दिसले तर ते पाने कापणाऱ्या मधमाशीचे काम असते. ती घरट्यासाठी तुकडे नेते, झाडाचे नुकसान करत नाही. तिच्यासाठी कोणतीही फवारणी करू नये.

फवारताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व फुलांवर मधमाश्या असताना फवारू नये. गुलकंदासाठी किंवा खाण्यात वापरण्यासाठी ठेवलेल्या देशी गुलाबाची झाडे पहिल्यापासून वेगळी ठेवावीत, त्यांवर रासायनिक औषध मुळीच वापरू नये आणि शेजारच्या झाडांवर फवारणी वारा पडलेला असतानाच करावी.