प्लाझ्मातून रेस्वेराट्रॉल ओढायचंय? चुंबकवाली पावडर घरच्या घरी, म्हणजे लॅबच्या लॅबमध्ये

नाशकात एम.फार्म म्हटलं की प्रोजेक्टला द्राक्ष येतंच आणि द्राक्ष आलं की रेस्वेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीतलं एक नैसर्गिक रसायन). निफाडच्या द्राक्षांच्या सालीतून ते काढणं सोपंय हो, पण उंदराला पाजल्यावर रक्तात किती गेलं हे बघायला गेलं की नाकी नऊ येतात, प्लाझ्मात (म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या द्रवात) प्रोटीनचा नुसता चिखल आणि आपला माल चिमूटभर.

त्यासाठी ही पावडर. आत लोखंडाचा काळा ऑक्साईड (मॅग्नेटाईट), वर छिद्रांची सिलिका. छिद्र २-३ नॅनोमीटरचं असलं की अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) आत घुसत नाही, रेस्वेराट्रॉल घुसतं. खरं काम छिद्रांचं, चुंबक नुसता हमाल.

फेरिक क्लोराईड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम, फेरस क्लोराईड टेट्राहायड्रेट २ ग्रॅम, नायट्रोजन सोडलेलं १०० मिली पाणी, ८० डिग्री, मग अमोनिया ओतायचा, क्षणात काळंभोर होतं. मॅग्नेटिक स्टरर अजिबात नको, सगळा माल आत फिरणाऱ्या चुंबकाच्या बारलाच चिकटतो (हसू नका, मी केलंय), वरून दांडा फिरणारा स्टरर घ्या. धुवून इथेनॉलमध्येच ठेवा, वाळवू नका.

यावर आधी टीईओएसचा (ज्यापासून सिलिका बनते ते रसायन) पातळ थर, मग सीटॅब (साबणासारखं रसायन) घालून परत टीईओएस आणि सोबत थोडं फिनाईलवालं सायलेन (सिलिकावर बेंझिनसारखी रिंग बसवणारं रसायन, फरशीचं फिनाईल नव्हे), कारण उघड्या सिलिकापेक्षा रेस्वेराट्रॉल या रिंगांना जास्त धरतं. सीटॅब म्हणजे साचा, तो काढला की छिद्रं मोकळी. मी तो जाळून काढायला ५५० डिग्रीच्या फर्नेसमध्ये रात्रभर ठेवला, सकाळी बघतो तर विटकरी लाल भुकटी, चुंबक लावला तरी ढिम्म हलेना. हवेत तापून मॅग्नेटाईटचं हेमॅटाईट झालं होतं, आणि फिनाईलही जळून गेलं ते वेगळंच. त्यापेक्षा सीटॅब काढायला इथेनॉलमध्ये अमोनियम नायट्रेट घालून रिफ्लक्स करा (म्हणजे उकळत ठेवून वाफ थंड करून परत त्यातच सोडा), दोनदा.

आता प्लाझ्मा. रेस्वेराट्रॉल अल्ब्युमिनला घट्ट चिकटून असतं, त्यामुळे पावडर थेट टाकली तर अल्ब्युमिनसोबत आपला मालही बाहेरच राहतो, मी महिनाभर रिकव्हरी (घातलेल्यातलं परत किती मिळालं ते) का येत नाही म्हणून डोकं फोडत होतो. आधी असिटोनायट्राईलने प्रोटीन खाली बसवा, वर राहिलेलं द्रावण पाणी घालून चांगलं पातळ करा, नाहीतर असिटोनायट्राईलमुळे पावडर काही धरतच नाही. पीएच ७ च्या खाली. ५ मिलीग्रॅम पावडर, १० मिनिटं हलवा, बाहेरून चुंबक (एम.जी. रोडवर जुन्या हार्डडिस्कमधला मागितला तर मिळून जातो, मस्त चालतो), वरचं फेका, पाण्याने एकदा धुवा, मग किंचित असिटिक ॲसिड घातलेल्या मिथेनॉलने दोनदा सोडवा. नायट्रोजनखाली वाळवून एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), ३०६ नॅनोमीटरच्या प्रकाशाला. वजन-वेळ सुरुवातीपुरते आहेत, आपापले बदलून बघा. सगळ्या ट्यूबांना फॉईल गुंडाळा, उजेडात रेस्वेराट्रॉलच्या ट्रान्स रूपाचं सिस (तोच रेणू, वेगळा आकार) होतं.

एवढं करून एचपीएलसीच्या आलेखावर रेस्वेराट्रॉलचा पीक (उंचवटा) दिसला नाही तर पावडरला शिव्या देऊ नका, पोटात गेलेलं बहुतेक रेस्वेराट्रॉल रक्तात ग्लुकुरोनाईड आणि सल्फेट (शरीराने जोड लावलेली रूपं) होऊनच फिरतं, एकूण किती ते हवं असेल तर प्लाझ्मा आधी ही जोड तोडणाऱ्या ग्लुकुरोनिडेज-सल्फाटेज एन्झाईममध्ये ३७ डिग्रीला ठेवा आणि मग पुढचं सगळं करा.