परदेशी नोकरीला निघताना मनाच्या औषधांची तयारी

सोलापुरात औषधांचे दुकान चालवताना एक प्रसंग माझ्यासमोर वारंवार येतो. दुबईला किंवा कुवेतला नोकरीस असलेल्या मुलाची आई काउंटरवर येते, पर्समधून कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा काढते आणि म्हणते, "ह्याच सहा महिन्यांच्या द्या, शेजारचा पोरगा परवा चाललाय, त्याच्याबरोबर पाठवते." तुकड्यावर नावाची तीनच अक्षरे उरलेली असतात, मुदत आणि बॅच क्रमांक कापलेल्या बाजूला गेलेले असतात. बहुतेक वेळा गोळी नैराश्याची किंवा झोपेची असते, आणि मी ती देत नाही याचा त्या माउलीला राग येतो. मी गोळी का देत नाही आणि त्याऐवजी काय करावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

तयारीला निदान दोन महिने आधी लागावे आणि सुरुवात गोळीतील घटक ओळखण्यापासून करावी. आपण गोळी ब्रँडच्या नावाने ओळखतो, परदेशातील डॉक्टर आणि कस्टम्सचे अधिकारी ती घटकाच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी सर्रास लिहिली जाते आणि घेणाऱ्याच्या लेखी ती 'टेन्शनची गोळी' असते. त्यातले नैराश्यावरचे एस्सिटालोप्राम बहुतेक देशांत चिठ्ठीवर मिळणारे साधे औषध आहे. क्लोनाझेपाम मात्र बेंझोडायझेपिन गटातले, म्हणजे मन शांत करणारे पण सवय लागू शकणारे, असल्याने अनेक देशांत नियंत्रित औषधांत मोडते. त्यामुळे नावापुढे 'प्लस' लागले असेल तर स्ट्रिपची मागची बाजू भिंग घेऊन वाचावी. ट्रामाडॉल मिसळलेल्या अंगदुखीच्या गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांनाही हाच नियम लागू आहे. (जाता जाता सांगतो, अमिरातीत आणि सिंगापुरात खसखसदेखील चालत नाही, मसाल्यांबरोबर बांधून दिलेली पुडी आठवणीने काढून ठेवावी.)

असा घटक आढळल्यास तो कमी करता येईल का, किंवा दोन घटक वेगवेगळ्या गोळ्यांत देता येतील का, हे आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे. स्वतःच्या मनाने मात्र काहीही तोडू नये. बराच काळ चालू असलेले क्लोनाझेपाम एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते. एस्सिटालोप्राम अचानक थांबवल्यास चक्कर, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारखी संवेदना होऊ शकते, आणि घरचे लोक त्यालाच आजार उलटला असे समजतात.

त्यानंतर त्या देशाचा नियम पाहावा. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधे नेण्यासाठी तेथील सरकारी यंत्रणेकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. जपानमध्ये चिठ्ठीवरचे औषध साधारणपणे एका महिन्यापुरते नेता येते, त्याहून अधिक हवे असेल तर 'युन्यू काकुनिन-शो' हे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते, आणि एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांचा विकार) काही देशांत दिले जाणारे ॲम्फेटामाइन तर चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर निरनिराळ्या देशांचे प्रवाशांसाठीचे नियम दिलेले आहेत. तरीही अखेरचा शब्द त्या देशाच्या वकिलातीचा किंवा आरोग्य खात्याचा मानावा, एजंटाचा मानू नये.

डॉक्टरांकडून चिठ्ठीखेरीज लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र घ्यावे. त्यात पासपोर्टवर आहे तसेच नाव, निदान, औषधाचे घटकनाव, मिलिग्रॅम, दिवसाचा डोस, एकूण गोळ्यांची संख्या, तसेच डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक असावा. आपल्याकडे आधार कार्डावर एक नाव आणि चिठ्ठीवर घरगुती हाक मारायचे नाव असा घोळ हमखास असतो. तो इथेच निस्तरून घ्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपल्या उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा जुन्या कागदांच्या प्रती मागताना संकोच करू नये.

गोळ्या पूर्ण स्ट्रिपमध्ये, बिलासह घ्याव्यात आणि हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. मोठी बॅग दोन दिवस उशिरा पोचली तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी थांबू शकतात, बायपोलर आजारावरची लिथियमची गोळी थांबू शकत नाही. शेजारच्या पोराबरोबर गोळ्या पाठवू नयेत, कारण चिठ्ठी दुसऱ्याची आणि माल ह्याच्या बॅगेत, अशा स्थितीत विमानतळावर अडकतो तो शेजारचा पोरगा. कुरिअरचा मार्गही भरवशाचा नाही: जर्मनीत प्रवाशाला स्वतःच्या गरजेपुरती औषधे सोबत नेता येतात, पण भारतातून टपालाने मागवणे खासगी व्यक्तीला सहसा मना आहे. फोनवरून इथल्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याचा पर्यायही मर्यादित आहे, कारण २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत आणि इथली चिठ्ठी तिकडचा औषधविक्रेता मान्य करेलच असे नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच तिकडचा डॉक्टर शोधावा. सोबतच्या गोळ्या संपत आल्यावर केलेली धावपळ महागात पडते.

प्रवासाचा विचार आपण तिकिटापुरता करतो. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, दिवसभर मुंबईत नातेवाइकांच्या गाठीभेटी आणि मध्यरात्रीचे विमान, असा बेत आखला की सलग दोन रात्रींची झोप जाते. बायपोलर आजार (कधी नैराश्य तर कधी उन्माद) असलेल्यास एवढे जागरण उन्मादाचा झटका येण्यास पुरू शकते. एक दिवस आधी निघून मुंबईत नीट झोपावे. अमिरातीचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे रात्री नऊची गोळी तिथल्या नऊला घेतली तरी सहसा बिघडत नाही. जर्मनी किंवा जपानसाठी वेळ कशी सरकवावी हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

लिथियम घेणाऱ्यांनी उन्हाबाबत विशेष सावध राहावे. सोलापूरचा मे महिना सोसलेल्या माणसाला आखाताची भीती वाटत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. घाम जाऊन शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि रक्तातील पातळी चढते. त्यात पाठ दुखते म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले तर ती आणखी चढते. हातांचा जाड थरकाप, उलट्या, जुलाब, अडखळते बोलणे ही लक्षणे दिसताच पुढचा डोस घेण्याआधी रुग्णालय गाठावे. नव्या ठिकाणी काही आठवड्यांत रक्ततपासणी करावी. नमुना शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचा असतो. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी डोसच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात.

विमा घेताना जुना आजार लपवू नये, कारण दावा त्याच मुद्द्यावर फेटाळला जातो. खोलीतल्या साथीदारांना सारे सांगण्याची गरज नसते, पण निदान एका विश्वासू माणसाला गोळ्या कुठे आहेत आणि कोणाला फोन करायचा हे ठाऊक असावे. दुबईत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे. त्याच्या ८००४६३४२ या क्रमांकावर समुपदेशनाचीही सोय आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले तर मात्र त्या देशाचा आपत्कालीन क्रमांक फिरवावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

सोलापुरात घरच्यांनी पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचे पत्र, विमा कार्डाचा फोटो आणि त्या साथीदाराचा नंबर एकाच ठिकाणी ठेवावा. मुलाच्या बोलण्यात फरक जाणवला आणि काय करावे कळेनासे झाले, तर १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर घरचेही बोलू शकतात. गड्ड्याच्या यात्रेला धरून जानेवारीत सुट्टी काढणार असाल तर डॉक्टरांची वेळ डिसेंबरातच घ्यावी, आणि येताना तिकडे डोस बदलला असल्यास त्याचा कागद सोबत आणावा. नाहीतर इथे जुन्याच डोसची चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते आणि मीही त्याच गोळ्या काढून देतो.