बुद्धिबळ इंजिनांची ऑनलाइन स्पर्धा: आधी घड्याळ सांभाळा

इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांची, स्पर्धा भरवायची म्हटलं की लोक आधी जोड्या पाडायला बसतात. स्विस (दर फेरीत सारख्या गुणांचे समोरासमोर) घ्यायची की साखळी (प्रत्येकाचा प्रत्येकाशी डाव), किती फेऱ्या, बरोबरीत कोणाला वर धरायचं, यावर चर्चा रात्र रात्र चालते. जोड्या सॉफ्टवेअर एका सेकंदात पाडतं. अन्याय होतो तो घड्याळात, आणि तिकडे कोणी बघत नाही. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरातून गेली काही वर्षं मी या स्पर्धा चालवतोय, इंजिनं ग्वाल्हेर, इंदूर, पुण्याहून येतात. त्या अनुभवावरून लिहितो.

क्यूटचेस किंवा फास्टचेस, म्हणजे इंजिनांचे डाव खेळवून घड्याळ मोजणारा मॅनेजर प्रोग्राम, तुमच्याकडे आहे आणि यूसीआय (इंजिन आणि मॅनेजर यांची बोलायची ठरलेली भाषा) वापरणारं इंजिन त्यात जोडता येतं, हे धरून चालतो.

कुठे खेळवायचं

दोन रस्ते आहेत. एक, प्रत्येकाने आपापल्या घरच्या मशीनवरून सर्व्हरवर जोडायचं. दोन, सगळ्यांनी इंजिन तुमच्याकडे पाठवायचं, डाव एकाच मशीनवर होणार आणि बाकीच्यांनी ऑनलाइन बघायचं. दुसराच रस्ता घ्या. पहिल्यात ज्याच्याकडे महागडा प्रोसेसर आणि चांगली लाइन तो जिंकतो, ती इंजिनाची परीक्षा नव्हे. टीसीईसी ही इंजिनांची नावाजलेली स्पर्धा 2010 पासून अशीच चालते: डाव आयोजकांच्या मशीनवर आणि प्रेक्षक जगभर.

शक्य असेल तर तयार फाइल न घेता सोर्स कोड मागवा आणि सगळी इंजिनं स्वतः कंपाइल करा. कोणी एव्हीएक्स2 (प्रोसेसरची जलद गणिताची सोय) शिवाय बनवलेली फाइल पाठवतं, त्याचं पोझिशन जोखणारं न्यूरल नेटवर्क निम्म्या वेगाने चालतं आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. कोड द्यायचा नसेल तर फाइल वेगळ्या युजरखाली, इंटरनेट बंद करून चालवा.

कोणाचा कोड कोणाकडून घेतलाय, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या. स्टॉकफिश हे तगडं इंजिन जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही मिळतो, त्यात चार आकडे बदलून नवं नाव देणारे दर स्पर्धेत येतात. 2011 मध्ये आयसीजीए या संगणक-खेळांच्या संघटनेने रिब्का या इंजिनाची जगज्जेतेपदं काढून घेतली तीही कोडच्या उगमावरूनच. विजेता ठरल्यावर हा वाद उकरून काढण्यापेक्षा आधीच नियम असलेला बरा.

घड्याळ

इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून इथे थांबतो.

चार वर्षांपूर्वी, मे महिना. आठ इंजिनं, दुहेरी साखळी, एकूण 56 डाव. वेळ प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी दहा सेकंद आणि प्रत्येक खेळीला 0.1 सेकंद वाढ. माझा लॅपटॉप चार कोअरचा, पण टास्क मॅनेजरमध्ये आठ दिसायचे, म्हणून मी एका वेळी आठ डाव लावले. ग्वाल्हेरच्या एका कॉलेजातल्या मुलाचं इंजिन चौदापैकी पाच डाव वेळेवर हरलं. त्यातल्या एका डावात त्याचं प्यादं सातव्या पट्टीवर होतं, पुढचं घर मोकळं, पाठीशी हत्ती. पुढच्याच खेळीला वजीर होणार होता, तेवढ्यात निकाल लागला: वेळ संपली, हार.

मुलाचा रात्री फोन आला. "काका, माझ्याच कोडमध्ये चूक आहे ना?" मी म्हटलं, "असेल, बघ." पुढचे तीन आठवडे त्याने वेळ वाटण्याचा सगळा भाग नव्याने लिहिला. नंतर सहज म्हणून मी ते डाव पूर्ण लॉग चालू ठेवून पुन्हा खेळवले. इंजिनाने स्वतः मोजलेला वेळ 61 मिलिसेकंद, माझ्या मॅनेजरने मोजलेला 140. मधले 79 मिलिसेकंद इंजिन विचारच करत नव्हतं, प्रोसेसरची वाट बघत रांगेत उभं होतं. चूक माझ्या मशीनची होती आणि तीन आठवडे त्या पोराने भोगली.

मग बाकीची सात इंजिनं का हरली नाहीत? ती वेळ राखून खेळत होती. हा मुलगा मिळालेला मिलिसेकंद न् मिलिसेकंद वापरत होता. तो त्याचा हक्क आहे. नियमात 0.1 सेकंद लिहिलंय तर 0.1 सेकंद मिळालाच पाहिजे. "इंजिनाने सुरक्षित अंतर ठेवायला नको का?" असं म्हणणारे आयोजक मला अजून भेटतात. ते आपली जबाबदारी स्पर्धकाच्या गळ्यात घालत असतात.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो.

एका वेळचे डाव खऱ्या कोअरच्या संख्येपेक्षा एकाने कमी ठेवतो. चार कोअर तर तीन डाव. टास्क मॅनेजरमधले आठ हे कागदावरचे, एकाच कोअरमध्ये दोन रांगा लावलेल्या असतात. राहिलेला कोअर विंडोज, मॅनेजर आणि प्रक्षेपणासाठी. प्रत्येक इंजिनाला एकच थ्रेड, म्हणजे विचाराचा एकच धागा. आणि पाँडर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करणं, सक्तीने बंद. एकाच मशीनवर पाँडर चालू असेल तर वाट बघणारं इंजिन खेळणाऱ्याच्या ताटातलं खातं.

नव्या प्रोसेसरमध्ये आणखी एक गोम आहे. काही कोअर वेगवान, काही वीज वाचवणारे आणि मंद. कोणता डाव कुठल्या कोअरवर पडला यावर निकाल ठरू लागतो. मंद कोअर बायॉसमधून (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) बंद करा, किंवा डाव वेगवान कोअरवर बांधून टाका. हे जमत नसेल तर जुनं, साधं मशीन बरं.

हॅश म्हणजे तपासलेल्या पोझिशन लक्षात ठेवायला इंजिनाला दिलेली मेमरी, तिचा हिशेब आधी करा. तीन डाव म्हणजे सहा इंजिनं, प्रत्येकाला 512 एमबी, झाले तीन जीबी. रॅम अपुरी पडली की मशीन डिस्कवर लिहायला लागतं आणि तिथे घड्याळाचा काही भरवसा राहत नाही.

आणि ऊन. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो, आमची खोली गच्चीखालची. लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग उतरवतो. मी सकाळी सहाला स्टॉकफिशची बेंच चाचणी चालवली, मग दुपारी तीनला. सेकंदाला तपासलेल्या पोझिशनचा आकडा दुपारी दोन तृतीयांशावर आला होता. सकाळच्या फेरीतलं इंजिन आणि दुपारच्या फेरीतलं इंजिन दोन वेगळ्या मशीनवर खेळत होती म्हणा ना. आता मी डाव रात्री दहा ते सकाळी सातच खेळवतो, आणि सगळे डाव चालू असताना बेंच पुन्हा घेतो. आकडा रिकाम्या मशीनपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरला तर एक डाव कमी करतो.

शेवटची चाचणी, जी कोणी करत नाही आणि सगळ्यांनी करावी. प्रत्येक इंजिनाला त्याच्याच प्रतीविरुद्ध, वेगळं नाव देऊन, स्पर्धेच्याच वेळेत वीस डाव खेळवा. गुण बघू नका, वीस डावांच्या गुणांना अर्थ नसतो. बघायचं एवढंच, की कोणी वेळेवर हरलं का. हरलं, तर लॉगमध्ये इंजिनाचा वेळ आणि मॅनेजरचा वेळ शेजारी ठेवा. दोन्ही जुळत असतील तर चूक इंजिनाची, लेखकाला कळवा. मॅनेजरचा आकडा मोठा असेल तर चूक तुमची, आणि ती सुधारल्याशिवाय पहिली फेरी सुरू करू नका. मॅनेजरमध्ये टाइममार्जिन नावाची सूट असते, ती सर्वांना सारखी आणि थोडीच द्या. दुखणं झाकायला ती मोठी करू नका.

घरोघरच्या मशीनवरूनच स्पर्धा घ्यायची असेल तर निदान वाढ दोन-तीन सेकंदांची ठेवा आणि मूव्ह ओव्हरहेड, म्हणजे खेळी पोचायला लागणाऱ्या उशिरासाठी इंजिनाने राखून ठेवलेला वेळ, वाढवायला सांगा. स्टॉकफिशमध्ये तो मुळात 10 मिलिसेकंद असतो, नेटवर तो काहीच नाही.

ओपनिंग

इंजिनांची स्वतःची ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या तयार खेळ्यांचा साठा, बंद. ओपनिंगची एकच फाइल सर्वांना, आणि प्रत्येक ओपनिंग दोनदा, रंग बदलून. मॅनेजरमध्ये रिपीट लावलं की हे आपोआप होतं. नुसत्या सुरुवातीच्या पटावरून सोडलं तर ठराविक पद्धतीने विचार करणारी इंजिनं तोच डाव पुन्हा पुन्हा खेळतात. हौशी इंजिनांना आठ खेळ्यांची समतोल ओपनिंग पुरतात. तगडी इंजिनं असतील तर मुद्दाम एका बाजूला झुकलेली घ्या, नाहीतर सगळा तक्ता बरोबरीने भरेल. रंग बदलून दोनदा खेळल्यावर झुकण्याचा अन्याय होत नाही.

डाव मध्येच थांबवणं

मोजकी मोहरी उरली की निकाल काय, हे आधीच मोजून ठेवलेल्या फाइलींना टेबलबेस म्हणतात; त्यावरून मॅनेजर डाव तिथेच संपवू शकतो. पाच मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस साधारण एक जीबीत मावतात, तेवढे ठेवा. सहा मोहऱ्यांचे दीडशे जीबीच्या आसपास जातात, हौशी स्पर्धेला गरज नाही.

इंजिनाच्या मूल्यांकनावरून, म्हणजे कोण किती पुढे आहे हे सांगणाऱ्या त्याच्या आकड्यावरून, विजय देऊ नका, निदान नवशिक्या इंजिनांच्या स्पर्धेत. एकाचा सहा म्हणजे दुसऱ्याचा सहा नव्हे. स्टॉकफिशने 15.1 पासून आकड्याचं मापच बदललं, आता तिथे एक म्हणजे जिंकण्याची पन्नास टक्के शक्यता. आणि उंट-घोड्याने मात करता येत नसलेलं इंजिनही मोठ्या थाटात अधिक सहा दाखवतं. त्याला मात करून दाखवू द्या. बरोबरी मात्र चाळिसाव्या खेळीनंतर दोन्ही इंजिनांनी सलग आठ खेळ्या शून्याजवळचा आकडा दिला तर खुशाल द्या.

वीज गेली तर

यूपीएस हवाच. नियम आधी लिहा: मशीन बंद पडलं तर तो डाव त्याच ओपनिंगवरून पहिल्यापासून, आणि इंजिन स्वतः कोसळलं तर हार. कोण पुढे होतं ते बघून निर्णय घ्यायचा नाही.

निकाल

दहा इंजिनांची दुहेरी साखळी म्हणजे 90 डाव, प्रत्येकाच्या वाट्याला 18. अर्ध्या गुणाने पहिल्या आलेल्याला बक्षीस जरूर द्या, पण ते इंजिन सरस आहे असं जाहीर करू नका. शंभर डावांनंतरसुद्धा मोजमापात वर-खाली पन्नास एलोची (एलो म्हणजे खेळाच्या ताकदीचे गुण) चूक राहते. खरा क्रम हवा असेल तर हजारो डाव लावावे लागतात.

सगळे डाव पीजीएनमध्ये (खेळ्या लिहून ठेवायच्या नेहमीच्या फाइलमध्ये), प्रत्येक खेळीच्या वेळेसकट द्या. आणि त्याच रात्री प्रत्येक लेखकाला त्याच्या इंजिनाचा पूर्ण लॉग पाठवा, हरलेल्याला आधी. ग्वाल्हेरचा तो मुलगा आता निकाल विचारत नाही, आधी लॉग उघडून दोन्ही आकडे शेजारी लावतो. गेल्या खेपेला त्याने मला एका फेरीत 12 मिलिसेकंदांचा फरक काढून दाखवला. प्रक्षेपणाचा ब्राउझर त्याच मशीनवर उघडा राहिला होता. ती फेरी मी पुन्हा खेळवली.